कॅनोपसला भंगार म्हणण्याआधी

पहिल्या महायुद्धातल्या आरमारी लढायांचा विषय निघाला की 'कॅनोपस' या ब्रिटिश युद्धनौकेची गोष्ट हमखास फिरते. ती साधारण अशी: १९०६ साली 'ड्रेडनॉट' ही नव्या धर्तीची ब्रिटिश युद्धनौका आली आणि आधीच्या सगळ्या युद्धनौका एका रात्रीत भंगार झाल्या. त्यातलीच ही कॅनोपस. जेमतेम १२ नॉट (म्हणजे तासाला १२ सागरी मैल) पळायची, म्हणून चिलीच्या किनाऱ्याजवळ जर्मनांशी झालेल्या कोरोनेलच्या लढाईला पोचली नाही आणि ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल क्रॅडॉक सोळाशे माणसांसह बुडाला. पुढे दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर चिखलात रुतून बसली, तिथे तिचा एक गोळा चुकून जर्मन जहाजाला लागला, संपली कारकीर्द.

गोष्ट रंगतदार आहे, पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात अर्धीच माहिती आहे.

आधी वेगाचं बघू. कॅनोपस १८९७ साली पोर्ट्समथला पाण्यात उतरली. वेग १८ नॉट, १२ इंची चार तोफा, आणि त्या काळी नवलाईचे बेलव्हिल बॉयलर. १९१४ पर्यंत ती म्हातारी झाली होती, हे कबूल. पण १२ नॉट हा आकडा तिच्या यंत्रांनी दिलेला नाही. तो दिला तिचा मुख्य अभियंता विल्यम डेनबो याने. ऑक्टोबरच्या २२ तारखेला ती फॉकलंडच्या पोर्ट स्टॅन्ली बंदरात आली तेव्हा कंडेन्सर (वाफेचं पुन्हा पाणी करणारं यंत्र) बिघडल्याचं कारण क्रॅडॉकपर्यंत गेलं आणि त्याने त्यावर विश्वास ठेवून बेत आखला. बंदर सोडल्यावर हाताखालच्या अभियंत्यांनी कॅप्टन हीथकोट ग्रँटला खरं सांगितलं: यंत्रं ठीक आहेत, जहाज १६ नॉट सहज काढेल. डेनबो इंजिनकडे फिरकतही नव्हता, केबिनमध्येच बसून असे. मनाने खचलेला माणूस होता. पुढे त्याला आजारी म्हणून मायदेशी धाडलं. ग्रँटने मात्र ही गोष्ट क्रॅडॉकला कळवली नाही. सोबत संथ कोळसावाहू जहाजं होती, त्यांना टाकून पुढे जाता येणार नव्हतं, हेही खरंच. तरीही हे मौन मला डेनबोच्या आकड्याहून जास्त खटकतं.

मग 'ती उशिरा आली म्हणून क्रॅडॉक बुडाला' याचं काय? १ नोव्हेंबरला लढाई झाली तेव्हा कॅनोपस सुमारे ३०० सागरी मैल दक्षिणेला होती, आणि क्रॅडॉकला ते ठाऊक होतं. त्याने तिच्यासाठी न थांबता 'गुड होप' आणि 'मॉनमथ' या आपल्या क्रूझर जर्मन ताफ्याचा प्रमुख श्पे याच्या अंगावर नेल्या. 'डिफेन्स' ही ताकदवान क्रूझर त्याने मागितली होती, ती मिळाली नाही. या निर्णयांची जबाबदारी एका जहाजाच्या बॉयलरवर ढकलणं सोयीचं आहे, एवढंच.

उलट बाजूही सांगायला हवी. 'कॅनोपस सोबत असती तर क्रॅडॉक वाचला असता' हा तेव्हाचा ब्रिटिश आरमारमंत्री चर्चिल याचा आवडता युक्तिवाद मलाही पटत नाही. श्पेच्या 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाऊ' या क्रूझर २० नॉटच्या वर पळत. लढायचं की नाही, किती अंतरावरून, हे तेच ठरवणार. आणि कॅनोपसवर भरणा होता राखीव दलातल्या माणसांचा. (हाच तो श्पे, ज्याच्या ताफ्यातून सुटलेल्या 'एम्डेन'ने सप्टेंबरात मद्रासवर तोफा डागल्या.)

आता चिखल. ती रुतली नाही, रुतवली. हुकूम लंडनहून आला होता: स्टॅन्ली बंदराचं रक्षण करा. ग्रँटने जहाज आतल्या बंदरात मुद्दाम चिखलावर टेकवलं, म्हणजे डुलणारं जहाज न राहता तो एक स्थिर तोफखाना झाला. डोलकाठ्यांचे वरचे भाग उतरवले, लहान तोफा किनाऱ्यावर नेल्या, सॅपर हिलवर टेहळणी चौकी बसवून टेलिफोनची तार ओढली. जमीन आड येत असल्यामुळे तोफांना लक्ष्य दिसतच नव्हतं. नेम साधायचा तो टेकडीवरून येणाऱ्या आवाजावर.

८ डिसेंबरच्या सकाळी श्पेच्या ग्नायझेनाऊ आणि न्युर्नबर्ग बंदराकडे आल्या तेव्हा आदल्याच दिवशी आलेला ब्रिटिश सेनानी स्टर्डीचा ताफा कोळसा भरत होता. त्यातल्या 'इन्व्हिन्सिबल' आणि 'इन्फ्लेक्सिबल' या बलाढ्य, वेगवान जहाजांना हलायला वेळ हवा होता. सव्वानऊच्या सुमारास कॅनोपसने तोंड उघडलं. पहिले गोळे तोकडे पडले. मागच्या तोफांमध्ये सरावाचे, न फुटणारे गोळे भरलेले होते, तेच सुटले. त्यातला एक पाण्यावरून उसळून ग्नायझेनाऊच्या धुराड्याला लागला, असं सांगतात. हा नशिबाचा भाग होता, नाकारत नाही. पण जर्मन जहाजं वळली ती आडोशामागून १२ इंची तोफा बोलल्या म्हणून. बंदरातल्या या बड्या जहाजांच्या तिपायी डोलकाठ्याही त्यांना दिसल्याच असणार. तरी त्या घडीला स्टर्डीच्या कामाला आली ती ही 'भंगार'. रात्रीपर्यंत श्पेच्या पाचांपैकी चार क्रूझर बुडाल्या. 'ड्रेस्डेन' तेवढी निसटली.

कारकीर्दही तिथे संपली नाही. १९१५ साली ती तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या मोहिमेत होती, आणि मे महिन्यात तिथल्याच गाबा टेपेजवळ रेतीत अडकलेली ब्रिटिश युद्धनौका 'अल्बियन' तुर्की तोफांच्या माऱ्यात तिनेच ओढून काढली. जुन्या युद्धनौका तिथे पाठवल्या त्या गमावल्या तरी चालतील म्हणून, एवढं मात्र त्या फिरत्या मजकुराच्या बाजूने म्हणता येईल. तिच्याच वर्गातल्या 'ओशन' आणि 'गोलायथ' तिथेच बुडाल्या.

भंगारात कॅनोपस गेलीच, पण १९२० साली, डोव्हरला.