गावठी कोंबडी मिळेल, गावठी कुत्रा चालणार नाही

घरात कुत्रा आहे आणि तरीही चार दिवस कोकणात जाऊन पडावं असं वाटतंय? अभिनंदन. इतकी आशावादी माणसं हल्ली बघायला मिळत नाहीत. मी नुकतीच, २६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत, मोत्याला घेऊन दापोलीच्या बाजूला जाऊन आले. त्या जोरावर चार सल्ले देते. फुकट आहेत, वेगळा पेट चार्ज नाही.

सुरुवात बुकिंगच्या ॲपपासून करा. तिथे 'पेट फ्रेंडली' नावाची चौकट असते, तिच्यावर टिचकी मारायची. दीडशे ठिकाणांची सात होतात. त्यातली दोन गोव्यात निघतात, एक बंद पडलेलं असतं, आणि उरलेल्या चारांची नियमावली उघडली की शेवटून दुसऱ्या ओळीत 'पाळीव प्राण्यांना परवानगी नाही' असं लिहिलेलं असतं. गोंधळू नका. त्यांची मैत्री आहेच, फक्त लांबून आहे.

मग फोन करा. 'कुत्रा चालतो का' हे मात्र विचारण्यात अर्थ नाही, कारण फोनवर सगळंच चालतं. "या की मॅडम, आपल्याकडे सगळे डॉगवालेच येतात," असं मालक म्हणाले. मी पुण्याची, एका 'हो'वर विश्वास ठेवायची सवय नाही. वजन सांगितलं, २२ किलो. तीन फोटो पाठवले: एक समोरून, एक बाजूने आणि एक शेजारी स्टूल ठेवून, म्हणजे उंचीचा अंदाज यावा. रेबीजच्या लशीचं कार्ड पाठवलं, महापालिकेचा परवाना पाठवला. उत्तरादाखल एक अंगठा आला. अंगठा आला की आपण ॲडव्हान्स भरतो. दोन रात्रींचे नऊ हजार, त्यातले निम्मे.

प्रवासाचं म्हणाल तर रेल्वे सोपी. कुत्रा सोबत फक्त फर्स्ट एसीत नेता येतो, तोही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी तुमच्या नावावर असेल तरच. कूपे मिळाला की नाही, ते चार्ट लागल्यावर कळतं. नाहीच मिळाला तर गार्डच्या डब्यात लोखंडी पेटी आहे. त्यात तो, आणि तुम्ही आपल्या बर्थवर कटलेट खात. आम्ही आपली गाडी काढली. ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड. मधे तो मुंबई-गोवा महामार्गाचा तुकडा लागला तिथे मोत्या ओकला. मी त्याला बोलले नाही. माझंही तेच चाललं होतं.

आता मुख्य सल्ला. कुत्रा घेतानाच त्याची जात बघून घ्या.

मोत्या आम्हाला सहा वर्षांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडला. रंग चहाचा, एक कान उभा, एक पडलेला. सुट्टीला कुठे जाणार हा विचार करून तेव्हाच दुसरी स्कूटर शोधायला हवी होती. आम्ही पोहोचलो तेव्हा मालक गेटवर आले, हसले, गाडीतून उतरणाऱ्या मोत्याकडे त्यांनी पाहिलं आणि हसू तिथेच थांबलं.

"हा?"

"हो, हा."

"पण ताई, हा तर गावठी आहे."

फोनवरची मॅडम गेटवर ताई झाली की समजावं, काहीतरी नाकारलं जाणार आहे.

"काका, फोटो पाठवले होते ना तुम्हाला."

"फोटोत कळलं नाही हो. आमच्याकडे ते फॉरेनचे येतात ना, लॅब, हस्की, ते. हे म्हणजे इतर गेस्ट घाबरतात."

हा संवाद चालू होता तेव्हा आमच्या डोक्यावर फलक होता: 'गावठी कोंबडीची थाळी मिळेल. ऑर्डर आधी द्यावी.' त्याखाली गावठी अंडी. त्याखाली कुळथाचं पीठ. पुण्यामुंबईची माणसं सहा-सात तास कंबर मोडून कोकणात येतात ती गावठी काहीतरी मिळेल म्हणूनच ना? कोंबडी गावठी म्हटली की दर वाढतो. तूप गावठी म्हटलं की बरणी डोळे मिटून घेतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ गावठी लसणासाठी जुन्नरपर्यंत जाऊन आलेत. नेमका कुत्राच गावठी निघाला की मात्र इतर गेस्ट घाबरतात. सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढायला घडलेलं जनावर दापोलीच्या दमट हवेत एसीपुढे जीभ लोंबकळत पडलेलं चालतं, फोटोला छान दिसतं. ज्याला इथलं ऊन सोसतं, इथला पाऊस सोसतो, ज्याचे आजे-पणजे इथल्याच ओसऱ्यांवर पडून असायचे, तो चालत नाही. आणि आपणही काही कमी नाही. कोणी विचारलं की आपण सांगतो, 'इंडी आहे.' इंडी म्हणजे इंडियनच, पण इंडी म्हटलं की तोच कुत्रा पासपोर्ट काढून आल्यासारखा वाटतो. मीही तेच म्हटलं. काका म्हणाले, "ते काय असेल ते."

शेजारच्या खोलीत एक शित्झू, म्हणजे छोटी झिपरी विलायती कुत्री, उतरली होती, फ्रॉक घालून. तिला सोफ्यावर बसायची मुभा होती. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मोत्याचीही नव्हती, तो तिच्याकडे बराच वेळ बघत होता.

"मागे पिंजरा आहे, एकदम सेफ," असं मला सांगण्यात आलं. पाण्याच्या मोटरीशेजारी जाळीचा पिंजरा, मोत्या आत उभा राहिला की पाठ वर टेकेल इतका. तळाला कोंडा आणि वाळलेली शीट. मोत्याने आत नाक घातलं आणि बाहेर काढलं तेव्हा नाकावर एक तांबूस पीस चिकटलेलं होतं. ते त्याने शिंकून उडवायचा प्रयत्न केला, उडालं नाही, मग माझ्याकडे पाहिलं. पिंजरा रिकामा कसा, हे मला तेव्हा सुचलं नाही. रात्री साडेआठला पलीकडच्या ग्रुपसमोर थाळ्या आल्या तेव्हा कळलं.

या पिंजऱ्याचे रात्रीचे एक हजार. "कशाचे?" "मेंटेनन्सचे."

हिशोब आवडणाऱ्यांसाठी सांगते. प्राण्यांना निर्दयपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. हलायलाही जागा नाही अशा पिंजऱ्यात जनावर कोंडणं त्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. म्हणजे हजारातून जास्तीत जास्त दंड गेला तरी रात्रीला ९५० हातात उरतात. धंदा म्हणून वाईट नाही.

काउंटरवर रजिस्टरमध्ये सही करत होते तेव्हा मागच्या भिंतीवर दत्ताची तसबीर दिसली. ताजा झेंडूचा हार, समोर उदबत्ती. पायाशी नेहमीची चार कुत्री. मी निरखून बघितलं, चारही गावठी होती. फ्रॉक एकीलाही नव्हता.

'चावतो का?' असं विचारतील. 'अजून तरी नाही, पण दिवस मावळायचाय' असं उत्तर देऊ नका. मी दिलं.

मांजर पाळा.

समुद्रावर नेताना मात्र खरंच जपून. अंजर्ले, वेळास या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि कुत्री, कोल्हे वाळू उकरून ती खातात. तिकडे मी मोत्याला नेला नाही, न्यायचा विचारही नव्हता. हा 'नाही' मला समजतो. त्याला कारण आहे, आणि ते आधीच माहीत असतं.

पलीकडच्या ग्रुपचं मात्र कारण मला अजून समजलेलं नाही. बारा जण होते. स्पीकर रात्री दोनपर्यंत चालू. बाटल्या वाळूत उलट्या खोचलेल्या. पहाटे त्यांची गाडी भरतीच्या पाण्यात रुतली, ती ओढायला ट्रॅक्टर आणावा लागला. वॉशबेसिनमध्ये गुटख्याचा लाल ओघळ, टॉवेलने बूट पुसलेले. मी काकांना विचारलं, यांच्याकडून मेंटेनन्सचे हजार घेतलेत का? ते म्हणाले, "ताई, ते ग्रुप आहेत."

म्हणजे माझा कुत्रा, जो भुंकला नाही, थुंकला नाही, प्यायला नाही, ज्याने रात्रभर कोणाची झोपमोड केली नाही, तो इतर गेस्टना घाबरवतो. आणि हे बारा रेडे इतर गेस्ट!

मी रात्र गाडीत काढली, मागच्या सीटवर, मोत्याचं डोकं मांडीवर, काचा चार बोटं उघड्या, डास आत. नवरा वर 'सी व्ह्यू' खोलीत घोरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

काका, आता सरळच बोलते. तुम्हाला कुत्रा नको असेल तर नाही म्हणा. घर तुमचं, गाद्या तुमच्या, कोणाला घ्यायचं ते तुम्ही ठरवा. मागे एका लॅब्रेडॉरने तुमची गादी फाडली आणि मालक काही न सांगता निघून गेले, हे तुम्ही मला सांगितलंत आणि मला ते पटलंही. मग डिपॉझिट घ्या ना! नियम लिहून पाठवा, पलंगावर चढवायचा नाही म्हणा, शी उचलायची म्हणा, मोडलं तर भरून द्यायचं म्हणा. सगळं मान्य. पण चार दिवस आधी अंगठा पाठवायचा, पैसे खिशात घालायचे, आणि माणूस दोनशे किलोमीटर येऊन दारात उभा राहिला, आता परत जाऊ शकत नाही हे दिसलं, की कोंबड्यांचा पिंजरा दाखवायचा, याला लबाडी म्हणतात. बाकीच्यांची नावं त्यात ओढू नका. कोणी घाबरलं नव्हतं. त्या शित्झूची मालकीणबाई मोत्याला बिस्किट देऊन गेली.

आणि कुत्रेवाल्यांनो, तुम्हीही जरा ऐका. ओला, वाळूने भरलेला कुत्रा दुसऱ्याच्या पांढऱ्या चादरीवर लोळवून 'कित्ती गोड' म्हणत रील काढता, किनाऱ्यावर केलेली शी पायाने वाळूखाली सारता, पोरं किंचाळत पळत असताना 'काही करत नाही तो' म्हणून लांबून ओरडता. तुमच्यामुळे दार लागतं, ते आम्हाला बंद मिळतं. पिशवी खिशात ठेवायला काय होतं? पट्टा कशाला विकत घेता, गाडीत टांगायला?

काका, खोलीचे पैसे ठेवा, तिथे नवरा झोपला होता. पिंजऱ्याचे हजार मात्र परत पाठवा, त्यात कोणीही झोपलं नाही. माझा नंबर तुमच्याकडे आहेच. ज्यावरून स्टुलाचा फोटो आला होता, तोच.