म्हणे तक्रार सोडवली!

आज सकाळी मेसेज आला: 'तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आम्हाला पाच स्टार द्या.' सोडवली? कोणी? मशीन अजून टीव्हीखाली पडलंय!

बाबांसाठी ऑनलाइन बीपीचं मशीन मागवलं होतं. ते येण्याआधीच त्यांनी वहीत रकाने आखून ठेवले, तारीख, वरचं, खालचं. पहिल्याच दिवशी पट्टा अर्धा फुगला आणि फुस्स. बाबा बिचारे हात टेबलावर ठेवून तसेच बसून राहिले. त्यांना वाटलं, आपणच हललो.

मग फोटो टाका. टाकले. व्हिडिओ टाका. टाकला. चॅटवरचा बॉट दर वेळी 'मी तुमची अडचण समजू शकतो'. काय समजतोस रे तू? शेवटी म्हणे रिटर्नची मुदत संपली. तुम्हीच फोटो मागत बसलात ना दहा दिवस?

रागाच्या भरात नियमच काढून वाचले. २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात, तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव ठळक दिसायला हवं. मला ते सापडलं पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. 'आत्ताच खरेदी करा' मात्र केवढं मोठं!

हो, वापरून कपडे परत पाठवणारे महाभागही आहेत. मान्य. त्याची शिक्षा माझ्या बाबांना का?

आणि आपणही कमाल आहोत. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्याच ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. वकील लागतोच असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. तरी आपण म्हणतो, जाऊ दे, कोण त्या भानगडीत पडणार. मीसुद्धा हेच म्हणत आले, तुमच्यापासून काय लपवायचं.

बाबाही म्हणाले, "जाऊ दे गं, दवाखान्यात मोजून येईन." ते ऐकून मात्र कसंतरीच झालं. आपली चूक नसताना हा माणूस मलाच समजावत होता.

दुपारी १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावला. बाबा शेजारी येऊन बसले, चष्मा लावून. तक्रार क्रमांक मिळाला तेव्हा कागद शोधत होते, तर त्यांनी वही पुढे ओढली आणि 'वरचं'च्या रकान्यात लिहून टाकला.