ड्रायव्हर बदला

शनिवारी रात्री पावणेअकराला, रॉटरडॅमच्या बंदराकडे जाताना, मागे बावीस टन चीज असताना माझ्यासमोरचं जग काळं झालं. त्या आठवड्यातली ही पाचवी खेप. पडदा गेला, आवाज मात्र राहिला. अंधारात वायपर खर्र-टक, खर्र-टक करतोय आणि मी, वय वर्षं सत्तेचाळीस, हातात प्लॅस्टिकचं स्टिअरिंग धरून बसलोय.

खऱ्या आयुष्यात मी पुण्याच्या चांदणी चौकातून गाडी नेत नाही. तिथला जुना पूल २०२२ साली सुरुंग लावून पाडला, नंतर नवे रस्ते आले, आणि आता कुठून शिरलं की कुठे निघतो हे मला आणि माझ्या फोनमधल्या बाईंना दोघांनाही कळत नाही. म्हणून मी रात्री कॉम्प्युटरवरच्या खेळात युरोपात ट्रक चालवतो. तिथे कोणी उलट्या दिशेने येत नाही. एवढंच सुख होतं.

पडदा परत आला तेव्हा त्यावर एक चिठ्ठी होती: झिरो एक्स ८८७ ए ०००६. अर्थ असा, की ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग, लटकलं. विंडोजमध्ये २००७ च्या व्हिस्टापासून एक सोय आहे. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ते मेलं असं समजून त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, पुन्हा सुरू करायचा. दोन सेकंद! वडिलांच्या वारसनोंदीसाठी मी एका खिडकीपुढे आठ महिने उत्तराची वाट बघतोय, तिथे कोणी कोणाला मृत धरत नाही. आणि नोंदवहीत काय लिहून ठेवतात? ४१०१ क्रमांकाची नोंद : डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, तो यशस्वीरीत्या सावरला. ड्रायव्हर सावरला. ट्रक, चीज आणि सातशे किलोमीटरचं भाडं गेलं, त्याची नोंद नाही.

रविवारी सकाळी भाच्याला फोन केला. "मामा, डीडीयू मारलंस का?" मला वाटलं डास मारायचं औषध असेल. तर तो जुना ड्रायव्हर मुळासकट उपटून टाकणारा प्रोग्राम निघाला, तो सेफ मोडमध्ये चालवायचा. सेफ मोडमध्ये पडद्यावरची अक्षरं लाडवाएवढी होतात. ती वाचत असतानाच बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे काका लिफ्टच्या वर्गणीची सही घ्यायला आले होते.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. शर्टाच्या खिशात पेन असावं तसा टेस्टर असतो.

"काय बिघडलंय?"

"काही नाही काका, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे."

"गाडी केव्हा घेतलीत? पार्किंगचा फॉर्म भरला नाहीत."

मग सांगावं लागलं. स्टिअरिंग दाखवावं लागलं. काकांनी ते बोटाने हलवून बघितलं, एखादं बाळ बघायला गेल्यासारखं.

"म्हणजे ट्रक तुम्ही चालवता."

"हो."

"आणि तो बंद पडतो ड्रायव्हरमुळे."

"हो, पण तो ड्रायव्हर वेगळा. आतला."

"मग आतला काढा आणि चिरंजीवांना बसवून बघा. या वयात झेपत नाही माणसाला. आमचे साडू पासष्टाव्या वर्षी लडाखला गेले होते गाडी घेऊन. मनालीतून परत आले."

मी सही केली. काका हलले नाहीत. त्यांनी टेस्टर कॅबिनेटला टेकवला, वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "लोड किती?"

आता इथे मला राग येतो तो सांगतो. खेळवाल्यांना मी पहिल्या अंधारानंतरच पत्र लिहिलं होतं. उत्तरात 'प्रिय गेमर' म्हणून त्यांनी डीएक्सडायगची, म्हणजे कॉम्प्युटरच्या तब्येतीची, फाईल मागितली. पाठवली. चार दिवसांनी दुसऱ्याच माणसाने डीएक्सडायगची फाईल मागितली. खेळवाले म्हणतात ड्रायव्हर बघा, ड्रायव्हरवाले म्हणतात खेळाच्या फाइली तपासा, दुकानदार म्हणतो तुमच्या घरची वीज बघा. मी आपला सगळ्यांचं ऐकून ड्रायव्हर नवा टाकला, जुना टाकला, सावल्या घालवल्या, धुकं घालवलं, शेवटी युरोपात एक झाड नीट दिसेना. पैसे घेताना मात्र एकालाही कशाची फाईल लागली नव्हती.

काकांनी कॅबिनेटचं झाकण उघडायला लावलं. आत पंख्याखाली एक झुरळ उताणं पडलेलं. "हा तुमचा ड्रायव्हर," काका म्हणाले, आणि बायको स्वयंपाकघरात हसली. इतकं मोठ्याने हसायचं कारण नव्हतं.

मग त्यांनी एसएमपीएसवरचं, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, स्टिकर बॅटरीच्या उजेडात मोठ्याने वाचलं. "चारशे पन्नास वॅट. आणि या कार्डाला लागतात किती?" कार्डाचं खोकं मी माळ्यावर जपून ठेवलं होतं, ते काढलं. त्यावर स्पष्ट लिहिलेलं : किमान ५५०. दुकानदार म्हणाला होता, "चालतं हो, सगळे तेच लावतात." काका काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

बुधवारी नवा ६५० वॅटचा एसएमपीएस बसला. रॉटरडॅम आलं, बंदर आलं, पाऊस आला, चीज उतरलं. गुरुवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा संदेश : 'बी विंगमधील एका सभासदाच्या ट्रकचा लोडचा प्रश्न आमच्या मार्गदर्शनाखाली मार्गी लागला. कोणाला अशी अडचण असल्यास सायंकाळी पाचनंतर भेटावे.' खाली अकरा अंगठे आणि एका काकूंचा प्रश्न, ट्रक कुठे लावलाय.

काल रात्री पावणेअकराला, त्याच वळणावर, पडदा पुन्हा काळा झाला. खर्र-टक, खर्र-टक. वर काकांच्या खुर्चीचा पाय सरकल्याचा आवाज आला. मी झटकन स्पीकर बंद केला आणि अंधारातच बसून राहिलो.