उंदराची बरोबरी खिम्याला येत नाही

मांजर पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर वरचेवर येऊन पडतो. मला तो आतापर्यंत चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी तर अगदी काळजीपोटी. त्याचा गोषवारा असा : मांजर मुळात शिकारी, म्हणून त्याला कच्चं मांसच घाला. शिजवलं की मांसातलं टॉरिन (मांजराला लागणारं एक पोषकद्रव्य) नष्ट होतं. जंतूंची भीती नको, ते फ्रीझरमध्ये मरतात आणि उरलेले पोटातल्या आम्लात. ड्राय फूड म्हणजे विष, त्याने किडन्या जातात. आणि मांजर नवं खाणं नाकारत असेल तर दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने खाईल.

या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. पण क्रमानेच घेऊ.

'मांजर शिकारी, म्हणून कच्चं मांस.' यातला पहिला अर्धा भाग बिनचूक आहे. मांजर मांसावरच जगणारा प्राणी आहे. गाजरातल्या कॅरोटीनपासून 'अ' जीवनसत्त्व बनवणं त्याच्या शरीराला जमत नाही, आणि गोड चव तर त्याला कळतच नाही. पण मांजर उंदीर खातं तेव्हा ते काय काय खातं बघा : हाडं, काळीज (म्हणजे यकृत), हृदय, आतडी, आणि या सगळ्यात मिळून जवळजवळ दोन तृतीयांश पाणी. आपण वाटीत घालतो तो बिनहाडाचा खिमा. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाचं शरीर मग स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं आणि साध्या उडीत पाय मोडतो. बरं, भरपाई म्हणून रोज भरपूर काळीज घालावं, तर 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके एकमेकांना जुळून बसतात. असं मांजर मान वळवून स्वतःची पाठही चाटू शकत नाही. काही जातींच्या कच्च्या माशांत 'ब१' जीवनसत्त्व मोडून टाकणारं एन्झाइम असतं, ते वेगळंच. कच्चं खाणं संतुलित करता येतं, पण ते पशुआहारतज्ज्ञाकडून वजनमापासकट लिहून घ्यायचं काम आहे. अंदाजपंचे चालत नाही.

'शिजवलं की टॉरिन संपतं.' हा मुद्दा हवेतून आलेला नाही. मांजराला टॉरिन अन्नातूनच मिळावं लागतं, नाहीतर दृष्टी जाते, हे १९७५ मध्ये कळलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बाजारातलं तयार खाणं खाणाऱ्या मांजरांची हृदयं टॉरिनच्या कमतरतेने फुगत होती आणि टॉरिन दिल्यावर सुधारत होती. तेव्हापासून उत्पादक ते वरून घालतात. म्हणजे मजकूर लिहिणारा सुमारे चाळीस वर्षं मागे आहे. घरी मांस उकळलं तर बरंचसं टॉरिन पाण्यात उतरतं. ते पाणी ओतून दिलं की गेलं. मात्र ते पाणी राखलं म्हणून भागतं असंही नाही, हाडांचा, म्हणजे कॅल्शियमचा हिशेब शिल्लकच राहतो.

'फ्रीझरमध्ये जंतू मरतात.' प्रयोगशाळांत जिवाणू वर्षानुवर्षं जपून ठेवायचे असतात तेव्हा ते कुठे ठेवतात? फ्रीझरमध्येच. गोठवल्याने काही परजीवी मरतात, हे खरं. साल्मोनेला आणि लिस्टेरिया हे जिवाणू मात्र आरामात तग धरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११-१२ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या कच्च्या तयार खाण्याचे १९६ नमुने तपासले : १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. विषाणूंचंही तेच. डिसेंबर २०२४ मध्ये ओरेगन राज्यात घराबाहेर न पडणारं एक मांजर बर्ड फ्लूने दगावलं. तो विषाणू त्याला खाऊ घातलेल्या गोठवलेल्या कच्च्या टर्कीत मिळाला. पोटातल्या आम्लाची कथाही अर्धीच आहे. मांजर स्वतः ठणठणीत राहून लिटर बॉक्समधून (त्याच्या शी-शूच्या वाळूच्या पेटीतून) जंतू बाहेर टाकू शकतं. तो बॉक्स साफ कोण करतं? आपण. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर मी कच्च्याचा विचारही करणार नाही.

आता 'ड्राय फूड म्हणजे विष.' विष नाही, आणि त्यानेच किडनी निकामी होते हे सिद्धही झालेलं नाही. पण इथे मजकूर खऱ्याच्या जवळून जातो, तेही सांगायला हवं. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आत, वेट फूडमध्ये पंचाहत्तर ते ऐंशी. ड्रायवरचं मांजर वाटीतलं पाणी जास्त पितं, तरी एकूण हिशेबात वेटवाल्याच्या मागेच राहतं. आमचा बोका एका रात्री लिटर बॉक्समध्ये बसला, उठला, वाळू उकरली, पुन्हा बसला. असं सात-आठ वेळा. वाळू कोरडीच. मला वाटलं बद्धकोष्ठ झालंय. लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनलिका अरुंद, त्यामुळे ती खडे आणि चिकट गाळाने बंद होते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. नळी घालून मोकळी केली तेव्हा वाचला. त्याचं कारण दाणेच होते असं मी म्हणणार नाही, पण तेव्हापासून निम्मं खाणं वेट.

ड्रायचा खरा दोष मला वाटीत दिसतो. शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण ३५० ते ४०० कॅलरी, आणि घरात लोळणाऱ्या चार किलोच्या मांजराची दिवसाची गरज २००च्या आसपास. म्हणजे पन्नास-पंचावन्न ग्रॅम. एकदा काट्यावर मोजून बघा, इतके कमी दाणे बघून आपल्यालाच अपराधी वाटतं. (दाण्यांनी दात साफ होतात, हा ड्रायवाल्यांचा लाडका समज. मांजर ओकलं की बघा, निम्मे दाणे अख्खेच असतात. दातांसाठी मुद्दाम बनवलेले मोठे दाणे वेगळे.)

राहिलं ते उपाशी ठेवणं. कुत्र्याला एखादा उपास सोसतो, मांजराला तो सोसेलच असं नाही. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस खात नाही तेव्हा अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि यकृताला ती निपटता येत नाही. डोळे, हिरड्या पिवळ्या पडतात, मग समोर काहीही ठेवलं तरी ते खात नाही आणि नळीने भरवायची वेळ येते. म्हणून बदल सात-दहा दिवसांत, जुन्यात थोडं थोडं नवं मिसळून. वेट फूड किंचित कोमट केलं तर वास सुटतो आणि काम सोपं होतं. चोवीस तास मांजराने तोंडच लावलं नाही तर जुनं खाणं परत द्यायचं, आणि तेही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. आमच्या बोक्याने अकरा दिवस घेतले. पहिले चार दिवस त्याने ओल्यात बुडालेले दाणे एकेक वेचून खाल्ले आणि उरलेलं पंजाने जमिनीवर काढून ठेवलं.