‘पक्ष्यांचा फ्लू पक्ष्यांपाशीच राहतो’ या आक्षेपाबद्दल

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. बर्ड फ्लूने मेलेल्या सस्तन प्राण्यांतल्या विषाणूची जनुकं पूर्ण तपासावीत, हे माझं म्हणणं तुम्हाला ‘उगाच खर्च’ वाटतं. तुमचे मुद्दे दोन: फ्लूचे विषाणू रानबदकांत पूर्वापार आहेत, त्यात नवल ते काय, आणि सस्तन प्राण्यात शिरलेला असा विषाणू तिथेच संपतो, तेव्हा विषाणूंची सरमिसळ वगैरे निव्वळ बागुलबुवा.

पहिलं मान्य. बदकांच्या आतड्यात हे विषाणू सुखेनैव नांदतात, बदकाला सहसा पत्ताही लागत नाही. पण आजच्या जहाल एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचं मूळ १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंगमधल्या पाळीव हंसांत सापडलं. म्हणजे हे दुखणं पाळीव पक्ष्यांकडून रानात गेलं. स्थलांतरित पक्ष्यांवर खापर फोडायला माझाही विरोधच आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र अडतं. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर समुद्रसिंह हजारोंनी मेले, तेव्हा ‘मेलेले पक्षी खाल्ले असतील’ असं म्हणायला जागा होती. ऑक्टोबर २०२३मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती-सीलची सतरा हजारांवर पिल्लं दगावली, त्या हंगामातली जवळपास ९५ टक्के. ही पिल्लं आईच्या दुधावर होती. पक्षी खाण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्यातल्या विषाणूत सस्तन प्राण्यांत वाढायला सोयीचे बदल होते, पेरू-चिलीच्या समुद्रसिंहांत दिसलेलेच. वर तिथल्या सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्यांतही तोच बदललेला विषाणू मिळाला. याला ‘तिथेच संपला’ कसं म्हणायचं?

आता सरमिसळ. फ्लूच्या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन विषाणू घुसले, की नव्या विषाणूंची बांधणी होताना तुकडे अदलाबदल होतात. दोन विषाणूंच्या तुकड्यांच्या शक्य जुळण्या २५६, बहुतेक कुचकामी, हे खरं. पण माणसांतल्या १९५७च्या फ्लूच्या साथीच्या विषाणूत तीन आणि १९६८च्या विषाणूत दोन तुकडे पक्ष्यांकडचे होते. एच५एन१चा अलीकडचा डी१.१ प्रकारही असाच, उत्तर अमेरिकेतल्या रानपक्ष्यांच्या विषाणूंशी अदलाबदल होऊन झालेला; २०२५मध्ये तो नेवाडातल्या दुभत्या गाईंत सापडला.

माणसामाणसांत एच५एन१ सहज पसरत नाही, आणि पसरेलच असं मी लिहिलेलंही नाही. माझं म्हणणं तपासणीपुरतं आहे. मेलेल्या सीलचा किंवा कोल्ह्याचा नमुना ‘एच५ आहे’ एवढ्यावर, म्हणजे एकाच तुकड्याच्या ओळखीवर निकालात काढला, तर उरलेले तुकडे कुणाचे हे कळतच नाही. आठही तुकड्यांचा पूर्ण जनुकीय क्रम वाचायला हवा. तुम्ही ज्याला ‘उगाच खर्च’ म्हणता, तो हाच.