"गोल गोल फिरायचं" म्हणे!

आज मंडळाच्या सहलीत नॅस्कारचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींचा, विषय निघाला आणि एकाने हात झटकले. "अडाण्यांचा खेळ. डावीकडे वळत गोल गोल फिरायचं, त्यात कसलं डोकं?" सगळे हसले. माझं डोकं अजून तापलेलं आहे.

वुड ब्रदर्स या नॅस्कार टीमचं नाव तरी ऐकलंय का? व्हर्जिनियातलं स्टुअर्ट हे डोंगराकडचं छोटं गाव. ग्लेन वुड लाकडाच्या धंद्यातला, धाकटा लिओनार्ड हाडाचा मेकॅनिक. १९५० मध्ये भावांनी टीम काढली, ती आजही धावते. चाकं बदलायला गाडी थांबते तिथेच शर्यत जिंकता येते, हे त्यांनी ओळखलं. जॅक कुणी मारायचा, नट कुणी सोडवायचे, पळायचं कुठून, सगळं घोटून बसवलं. १९६५ च्या इंडियानापोलिस ५०० या दुसऱ्या मोठ्या अमेरिकन शर्यतीला फोर्डने यांनाच बोलावलं. ड्रायव्हर जिम क्लार्कच्या लोटस गाडीचे दोन थांबे मिळून मिनिटही लागलं नाही. क्लार्क जिंकला.

बाबा इकडे अमेरिकेत आले होते तेव्हा त्यांना स्टुअर्टच्या वुड ब्रदर्स म्युझियममध्ये नेलं होतं. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस. त्यांना १९७६ च्या डेटोना ५०० ची, नॅस्कारच्या सगळ्यात मानाच्या शर्यतीची, गोष्ट सांगत होतो. शेवटच्या फेरीत डेव्हिड पिअर्सन आणि रिचर्ड पेटी आदळले, पेटीची गाडी शेवटच्या रेषेच्या अलीकडे बंद पडली, पिअर्सनने वुड बंधूंची चेपलेली २१ नंबरची गाडी रांगत रांगत रेषेपार नेली. बाबांनी मला मध्येच तोडलं. "आपटताना क्लच दाबून ठेवला असणार त्याने." अगदी तेच झालं होतं, म्हणूनच इंजिन बंद पडलं नाही! डोकं लागत नाही म्हणे.

हो, नॅस्कारच्या प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्यांचे झेंडे वर्षानुवर्षं फडकले, बंदी यायला २०२० उजाडलं. मान्य. पण म्हणून हाताने काम करणारा प्रत्येक जण अडाणी?

२०११ मध्ये विशीतल्या ट्रेव्हर बेनने याच टीमला डेटोना ५०० जिंकून दिली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शंभरावा विजय मिळाला तोही डेटोनालाच, हॅरिसन बर्टनच्या हातून. पुढच्या मोसमात त्याला या टीमची गाडी नाही, हे आधीच ठरलं होतं. तरी पोरगं जीव तोडून लढलं. त्या रात्री मी रडलो, आणि पहिला फोन बाबांना केला. क्लचवाल्यांची टीम म्हटल्यावर त्यांना लगेच कळलं.

शार्लटहून स्टुअर्ट गाडीने दोन-अडीच तास. आज हसलेल्यांपैकी कुणाला यायचं असेल तर खाली लिहा, मी घेऊन जातो.