पॉटच्या आइसक्रीमला दहा हात लागतात

मे महिना लागला की जुन्या सुट्ट्यांचे फोटो फिरायला लागतात आणि खाली ठरलेलं वाक्य असतं, "गेले ते दिवस". गच्चीवरच्या ओळीने घातलेल्या गाद्या गेल्या असतील, मामाच्या गावची बैलगाडीही गेली असेल. पण पॉटचं, म्हणजे बर्फ-मिठाच्या पिपात बसवलेला पत्र्याचा डबा दांड्याने फिरवून केलेलं, आइसक्रीम गेलेलं नाही. पॉट अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर पडून आहे. बर्फ मिळतो, खडे मीठ मिळतं, आंबा तर दारात आहे. विसरलं आहे ते फक्त कसं करायचं, आणि ते सांगता येतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सुरुवात आदल्या रात्री करायची. पॉटचं बाहेरचं पीप लाकडी फळ्यांचं असतं, वरून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं. वर्षभर माळ्यावर राहून फळ्या सुकतात, आकसतात, मधे फटी पडतात. तसंच वापरलं तर खारं पाणी घरभर होतं आणि सगळे म्हणतात पॉट फुटला. फुटलेला नसतो. पीप रात्रभर पाण्याने भरून ठेवलं की लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. पहिला तासभर पाणी गळेल, म्हणून मोरीत किंवा अंगणात ठेवा. त्याच वेळी आतला डबा उजेडात धरून बघा. कुठे गंजाचा ठिपका किंवा बारीक भोक असेल तर तो डबा वापरू नका, कारण मिठाचं पाणी नेमकी तीच वाट शोधतं. वरच्या दातेरी चाकांना शेंगदाणा तेलाचे चार थेंब पुरतात. मशीनचं तेल अजिबात नको, चाकं थेट झाकणाच्या वर असतात.

दूधही आदल्या दिवशीच. डब्यात तीन लिटर मावत असेल तर मिश्रण दोन लिटरच हवं. घुसळताना हवा मिसळते, गोठताना मिश्रण फुगतं, आणि काठोकाठ भरलेला डबा झाकणातून वर येतो. दोन लिटर म्हशीचं दूध सव्वा लिटर होईपर्यंत आटवायचं, साखर 300 ग्रॅम. कोमट असताना चाखल्यावर थोडं जास्त गोड वाटलं पाहिजे, कारण गारव्यात जिभेला गोडी कमी लागते. म्हणून कुणी साखरेचा हात फार सैल सोडतं, आणि मग तासभर फिरवूनही आइसक्रीम पातळच राहतं. साखर जितकी जास्त, तितका गोठायला जास्त गारवा लागतो.

आंब्याचा रस अर्धा लिटर, म्हणजे मध्यम आकाराचे चार-पाच हापूस. रायवळ असेल तर रस चाळणीतून काढा, नाहीतर रेषा डब्यातल्या रवईला, म्हणजे घुसळणाऱ्या पात्यांना, गुंडाळतात. रस गार दुधातच घालायचा. गरम दुधात आंब्याच्या आंबटपणाने दूध फाटतं, आणि ती चूक दुरुस्त होत नाही. मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. कोमट मिश्रण पॉटमध्ये ओतलं तर अर्धा बर्फ ते गार करण्यातच जातो. शिवाय दूध गोठायच्या आधीच बराच वेळ घुसळलं जातं आणि लोण्याचे कण दिसायला लागतात. आइसक्रीम खाताना टाळूला चिकट तूपकट थर बसतो, तो बहुतेक वेळा यामुळेच.

आता बर्फ. एवढ्या पॉटला दहा किलो आणावा, मीठ तीन किलो. मीठ खड्याचंच घ्या. बारीक मीठ पटकन विरघळून तळाशी जातं, खडे बर्फाच्या थरांमध्ये टिकून राहतात. महाराष्ट्रात 2018 पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे. पॉटमधल्या बर्फाचा आइसक्रीमशी संबंध येत नसला तरी पांढराच आणा, कारण मुलं तुकडे तोंडात टाकणारच. लादी पोत्यात घालून मोगरीने फोडायची. तुकडे सुपारी ते लिंबाएवढे हवेत. मोठे राहिले तर मधे पोकळी राहते, भुगा झाला तर लगेच वितळून जातो.

डबा मधोमध बसवून भोवती चार बोटं बर्फ, त्यावर मूठभर मीठ, परत बर्फ, असे थर लावत जायचं. वजनात साधारण पाचाला एक. नुसता बर्फ शून्य अंशाला वितळतो, आणि साखर घातलेलं दूध शून्याला गोठत नाही, म्हणून नुसत्या बर्फात काही होत नाही. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो. वितळायला लागणारी उष्णता तो पत्र्यातून दुधाकडूनच ओढून घेतो, बाहेरून घेऊ नये म्हणून तर लाकडाचं पीप. प्रमाण नेमकं जमलं तर मीठ-बर्फ उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतात. पण सुरुवातीलाच फार मीठ टाकलं तर डब्याच्या भिंतीला कडक पापुद्रा धरतो, दांडा अडकतो आणि आतलं दूध पातळच राहतं. मीठ कमी पडलं तर नुसते हात दुखतात. या खाऱ्या पाण्यात मुलांना बोटं बुडवू देऊ नका, क्षणात बधिर होतात.

पिपाला बाजूला एक भोक असतं, त्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. वितळलेलं पाणी झाकणापर्यंत चढू नये म्हणून ते असतं. बर्फाच्या तुकड्याने ते बुजतं, तेव्हा मधून मधून काडीने मोकळं करा. खारट झालेल्या आइसक्रीमचं कारण दहापैकी नऊ वेळा हे बुजलेलं भोक असतं. उरलेल्या एका वेळी कुणीतरी उतावीळपणे, झाकण न पुसता, डबा उघडून बघितलेला असतो.

आणि आता फिरवणं, ज्यासाठी ही सगळी मांडामांड. दांड्याने फिरवायचा असा पॉट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी 1843 मध्ये पेटंट केला. मला मात्र तो खास आपल्या भरलेल्या घरांसाठीच घडवला असावा असं वाटतं. पहिली दहा मिनिटं दूध पातळ असतं, दांडा सहज फिरतो. ती पाळी सगळ्यात लहानांची. मग तो जड होत जातो, तेव्हा मधली भावंडं. शेवटची पाच-सात मिनिटं पीपच जागेवरून हलायला लागतं. तेव्हा वर चौघडी गोणपाट टाकून एकाला बसवायचं आणि थोरल्याने फिरवायचं. पाच वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या दादापर्यंत प्रत्येकाच्या ताकदीचं काम या एका यंत्रात आहे, आणि कुणाचंही काम खोटं, मन राखायला दिलेलं नाही. सुट्टीतल्या शिबिरांमध्ये पैसे भरूनही मला हे सहसा दिसत नाही.

वेग एकसारखा ठेवा आणि थांबू नका. थांबलं की भिंतीला लागलेलं मिश्रण तिथेच कडक होतं, बर्फाचे खडे मोठे होतात आणि आइसक्रीम दाताखाली कचकचतं. डब्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या आइसक्रीमचं हेच होतं, तिथे घुसळणारं कुणी नसतं. मोटरचे पॉट मिळतात, आइसक्रीम चांगलंही होतं. पण घरात मुलं असताना मोटर लावू नये असं माझं ठाम मत आहे. घरात दोनच मुलं असतील तर सोसायटीतली बोलवा. पाऊण तासाला आठ-दहा हात पुरतात.

दांडा फिरेनासा झाला की थांबा, जोर करून चाकाचे दात मोडू नका. झाकण आणि त्याची कड कोरड्या फडक्याने नीट पुसा, मग उघडा. रवई काढून परातीत ठेवा. तिच्यावर पहिला हक्क गोणपाटावर बसलेल्याचा, कारण त्याचीच बैठक सगळ्यात गार झालेली असते.

यावेळी आइसक्रीम मऊ, लापशीसारखं असतं. लगेच वाढू नका. डबा बंद करा, झाकणाच्या भोकात बूच घाला, खारं पाणी काढून उरलेला बर्फ भरा आणि आता मीठ सढळ घाला, तिनाला एक. वर ओलं पोतं टाकून दीड-दोन तास मुरू द्या. हे दोन तास मुलांना सर्वात जड जातात. कॅरम काढून द्यावा.

खारं पाणी मोगऱ्याच्या किंवा तुळशीच्या मुळाशी ओतू नका, झाड जळतं. थेट गटारात. डबा आणि चाकं गोड्या पाण्याने दोनदा धुऊन लगेच पुसा. पीप उपडं घालून सावलीत वाळवा, उन्हात फळ्या तडकतात. आणि माळ्यावर टाकताना वर जड काही ठेवू नका, पुढच्या मेमध्ये ते पटकन हाताशी यायला हवं.